बोटांचा हिशेब

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचे पेर नाही. १९८३ साली पनवेलबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते तुटले. पुढे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचे एक जुने पुस्तक हाती आले, तेव्हा त्याच्या परिशिष्टात मी माझे पेर शोधले. ते तेथे होते. तर्जनीचे एक पेर गेले तर माणसाची कमाईची शक्ती शेकडा ९ ने घटते. दोन पेरे गेली तर ११ ने, सबंध बोट गेले तर १४ ने. मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, आणि अंगठा गेला तर ३०. उजवा हात आणि डावा हात यांत भेद केलेला नव्हता. एकलव्याच्या अंगठ्यावर आपल्या कवींनी पुष्कळ लिहिले आहे. त्या अंगठ्याची शेकडेवारी मला प्रथम त्या परिशिष्टात वाचायला मिळाली.

विजेच्या हत्यारांचा आणि त्यांनी घेतलेल्या बोटांचा इतिहास मला येथे सांगायचा आहे. मी इतिहासाचा पंडित नाही. फिटरचे काम शिकलेला, तीसेक वर्षे पनवेल-तळोजाच्या बाजूला लोखंड कापून पोट भरलेला माणूस आहे. वाङ्मयाच्या आणि विचाराच्या नियतकालिकात ग्राइंडर आणि ड्रिल कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हत्यार हाती येणे आणि हत्याराची विद्या हाती येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाला पहिली फार उशिरा मिळाली. दुसरी अजून पुरती मिळालेली नाही. या दोहोंमध्ये जे अंतर राहिले त्यात आपली बोटे पडली आहेत. हा प्रश्न विद्येचा आहे, म्हणून तो येथे मांडतो.

१

पनवेल हे एके काळी चाकांचे गाव होते. १८३० साली बोरघाटाचा रस्ता झाला आणि पुण्याकडचा माल गाड्यांतून पनवेलच्या बंदरात येऊ लागला. बैलगाडीची चाके तयार करणे हा येथला मुख्य धंदा, आणि देशावर परतणारी जवळजवळ प्रत्येक गाडी येथून चाकांची एक जोडी घेऊन जाते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. तुंबा, आरे, पाठे आणि वरून लोखंडाची धाव, असे ते चाक. लाकडाचे काम सुताराचे, धाव तापवून चढवण्याचे काम लोहाराचे.

माझा आजा या चाकांच्या कामावर होता असे मी लहानपणी अभिमानाने सांगत असे. मोठा झाल्यावर कळले की आजा ओंडके वाहायचा. नाक्यावर उतरलेले लाकूड खांद्यावरून सुताराच्या मांडवापर्यंत नेऊन टाकायचे आणि बाहेर उभे राहायचे. वाकस, पटाशी, गिरमीट यांना त्याचा हात कधी लागला नाही. लाकूड त्याने उचलले तर चालत होते, हत्यार उचलले तर चालत नव्हते.

यात सुताराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तोही बलुत्यावर जगणारा माणूस. परंतु सुताराच्या पोराला काय मिळत होते ते पाहा. ते पोर बापाशेजारी बसायचे. पहिली वर्षे नुसते हत्यार हातात द्यायचे. वाकस हे हत्यार माणूस आपल्याच पायांच्या दिशेने चालवतो. तेव्हा पाय कोठे ठेवायचा, लाकडाला गाठ आली तर हात कसा आवरायचा, पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात का ठेवायचा नाही, हे त्या पोराला कोणी भाषण करून शिकवत नसे. बापाच्या एका टपलीत ते शिकून होई. चांभाराच्या घरी रापी आणि आरीबाबत असेच होते. म्हणजे हत्यारापासून जीव कसा वाचवायचा ही विद्या हत्याराबरोबरच घरात वारशाने येत होती. ज्याला हत्याराचा वारसा नाही, त्याला या विद्येचाही वारसा नाही.

जातीने केवळ कामाची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, असे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात दाखवून दिले. त्या वाटणीत हत्यारे वाटली गेली, आणि हत्यारांबरोबर शहाणपणही वाटले गेले. आपल्या वाट्याला कुऱ्हाड, दोरखंड आणि खांदा आला.

२

गिरणीने ही जुनी वाटणी थोडी हलवली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या तीस वर्षांत मुंबईचे आकाश धुराड्यांनी भरले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांच्यासमोर जे यंत्र उभे राहिले त्याची विद्या कोणाच्याच बापाकडे नव्हती. इंजिनावर फिरणारा लांब दांडा छताखालून जाई, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांवर उतरत. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा सैल बाही पट्ट्यात सापडली की माणूस ओढला जाई. येथे सुतार आणि महार एकाच अज्ञानात उभे होते.

तेव्हा ही विद्या द्यायची कोणी? कायद्याने, असे उत्तर १८८१ साली मिळाले. त्या वर्षी हिंदुस्थानातला पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांच्या आतील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, असे त्यात होते. परंतु हा कायदा जेथे १०० किंवा त्याहून अधिक माणसे असतील तेथेच लागू होता. वाचकांनी हा १०० चा आकडा लक्षात ठेवावा. या लेखाचा कणा तोच आहे. यंत्राला माणसे मोजता येत नाहीत. शंभर माणसांत फिरणारा पट्टा आणि नव्याण्णव माणसांत फिरणारा पट्टा सारखेच कापतो. कायद्याने मात्र बोटांच्या आधी डोकी मोजली.

१८८४ साली जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची आणि वेळेवर पगाराची मागणीही पुस्तकांतून येते. परंतु त्या अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. ही मागणी आपण विसरलो. ती कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडले. एकोणचाळीस वर्षे. लोखंडे तर १८९७ साली प्लेगात गेले होते.

या काळात तो आकडा खाली येत होता. १८९१ साली १०० चे ५० झाले. १९२२ साली ५० चे २० झाले. प्रत्येक वेळी काही हजार माणसे कायद्याच्या कुंपणाच्या आत आली. यंत्र तेच होते, आता त्याच्यापुढे उभा असलेला माणूस सरकारला दिसू लागला होता.

३

गिरणीच्या आत मात्र जुनी वाटणी पुन्हा उभी राहिली. विणाई खात्यात पगार अधिक, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांनी कसा लावायचा? १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावणे ही मुळात रोगाला आमंत्रण देणारी रीत होती. हाताने दोरा ओवता येईल असा धोटा तयार करणे अवघड नव्हते, आणि तसे धोटे निघालेही. म्हणजे जी रीत सर्वांच्याच फुप्फुसाला घातक होती, ती बदलण्याऐवजी तिच्याच आधारे जातीची भिंत बांधली गेली. विटाळ पाळला गेला, क्षय पाळला गेला नाही.

रेल्वेत काय होते? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन त्याच परिषदेतले. आपली माणसे गँगमनच्या पुढे जात नाहीत, रेल्वेच्या वर्कशॉपात मेकॅनिकच्या जागेवर क्वचितच दिसतात, हे दुःखही तेथे मांडले गेले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या तरुणांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी केली. आपण बाबासाहेबांची शिक्षणाची हाक ऐकली ती बहुधा कॉलेजच्या दिशेने ऐकली. ते चूक नव्हते. परंतु लेथपुढे उभ्या राहणाऱ्या पोराचे शिक्षणही त्यांच्या हाकेत होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हा सुरक्षिततेचाही कायदा आहे. थकलेला हात यंत्रापासून वेळेवर मागे येत नाही, हे ज्याने रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

त्यानंतर १९४८ चा कारखान्यांचा कायदा आला. कलम २१ ने धोक्याच्या यंत्रांना कुंपण, कलम २२ ने चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगासरशी बसणारे कपडे, कलम ३५ ने डोळ्यांना संरक्षण. आणि आकडा आला १० वर. यंत्रशक्ती असेल तर दहा माणसे पुरेत. ६७ वर्षांत १०० चे १० झाले. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, आयटीआय निघाल्या, राखीव जागा आल्या. माझ्यासारख्याच्या हाती कानस आणि मायक्रोमीटर आला तो या वाटेने. आजा ज्या मांडवाबाहेर उभा राहिला, त्या मांडवात मी गेलो.

४

परंतु तोवर यंत्राचे रूप बदलले होते. कायदा ज्या यंत्राला कुंपण घालत होता ते जमिनीत रोवलेले होते. नवे यंत्र माणसाच्या हातात आले. १८९५ साली जर्मनीतल्या फाइन कंपनीने विजेवर चालणारे हातातले ड्रिल काढले. १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलचे पेटंट घेतले. १९५४ साली जर्मनीतच आज आपण वापरतो तसा अँगल ग्राइंडर निघाला. हे यंत्र खांद्यावरून कोठेही नेता येते. त्याला कारखाना लागत नाही. जेथे वीज आहे तेथे तो कारखाना. दोन माणसे पुरतात. म्हणजे जेव्हा कायदा दहा माणसांपर्यंत पोचला, तेव्हा यंत्र एका माणसापर्यंत पोचले होते.

पनवेलच्या परिसरात हे यंत्र वाढले ते कारखान्यांच्या आश्रयाने. रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स आली, १९७० साली सिडको स्थापन झाली, तळोजाला औद्योगिक वसाहत उभी राहिली. मोठ्या कारखान्यांना फाटके, जिने, पाइपांचे आधार, शेडचे सांगाडे लागत. ती कामे ठेक्याने छोट्या वर्कशॉपांत जात. अशाच एका वर्कशॉपात मी होतो. आम्ही सात माणसे. त्या शेडचे किंवा मालकाचे नाव मी लिहीत नाही. तशी शेडे आणि तसे मालक पुष्कळ होते.

आमच्याकडे पाच इंची ग्राइंडर होता. मिनिटाला ११ हजार फेरे. मोठ्या सात इंची यंत्राच्या चकत्या झिजून सहा इंचांवर आल्या की त्या फेकायच्या नाहीत, छोट्या यंत्राला लावायच्या, अशी मालकाची ताकीद. छोट्या यंत्राच्या गार्डात सहा इंची चकती मावत नाही. म्हणून गार्ड काढायचे. बाजूची मूठ केव्हाच हरवली होती, तेव्हा डावा हात यंत्राच्या मानेवर. त्या दिवशी अँगल कापताना कापलेली फट मिटली, चकती अडकली आणि फुटली. पुढे मी हिशेब केला. चकतीची मर्यादा असते सेकंदाला ८० मीटर. सहा इंची चकती ११ हजार फेऱ्यांवर फिरवली की तिची कड सेकंदाला ८६ मीटरांनी जाते, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक. हा हिशेब शाळेतल्या वर्तुळाच्या परिघाचा आहे. मला तो येत होता. तो चकतीला लावायचा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी भरपाई मागितली तेव्हा मालकाने एक कागद पुढे केला. ‘गार्ड कामगाराने स्वतः काढले’ असे त्यावर लिहिलेले, आणि खाली माझ्या हेल्परचा अंगठा. तो माझ्याच वस्तीतला. त्याला वाचता येत नव्हते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “दादा, दवाखान्याचा कागद हाय म्हनले, मी दिला अंगठा.” १९२३ च्या कायद्यात तशी अट होती. मृत्यू झाला नसेल आणि कामगाराने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले असेल, तर मालक भरपाईला बांधील नाही. एका गरिबाच्या अंगठ्याने दुसऱ्या गरिबाच्या बोटाची किंमत शून्य झाली. माझ्या हातावर थोडे पैसे ठेवून ‘काही मागणे नाही’ असे लिहून घेतले गेले. मी सही केली.

गार्ड मीच काढले होते, हे खरे आहे. पान्याने बोल्ट मीच सैल केला. परंतु मालकाच्या सांगण्यावरून काढलेले गार्ड हे कामगाराने आपल्या मर्जीने काढलेले नव्हे, हे मला तेव्हा मांडता आले असते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्याच कायद्याच्या कलम १७ ने रद्दबातल ठरत होता. विजेवर चालणाऱ्या कामाच्या जागी माणसे किती हे भरपाईचा कायदा विचारतही नव्हता. हे सारे मी बारा वर्षांनी वाचले. आमच्या सात माणसांच्या शेडची स्थिती अशी होती की बोट तुटल्यावर एक कायदा येत होता, तुटण्याआधीचा कायदा येत नव्हता. राज्य सरकारला कलम ८५ खाली लहान जागांनाही कारखान्याचा कायदा लावण्याचा अधिकार होता. तो अधिकार आमच्या पत्र्यापर्यंत पोचला नाही.

५

आता एक कबुली. ती टाळली तर हा लेख खोटा ठरेल.

१९९१ साली मी स्वतः मिस्तरी होतो. हाताखाली कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीवरचा कातकरी पोरगा. वेल्डिंगवरचा मैल घासायचा होता. चष्मा दुसऱ्या माणसाकडे होता. पोरगा म्हणाला, “मिस्तरी, चष्मा येऊ द्या की.” मी म्हणालो, “अरे, दोन मिनिटांचं काम, काय होत नाही.” लोखंडाचा कण त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी काढला, पण त्या डोळ्याची नजर अधू झाली ती कायमची.

“काय होत नाही” हे वाक्य १९८३ साली मला सांगितले गेले होते. आठ वर्षांत ते माझ्या तोंडात येऊन बसले. जे आपण सोसले ते आपल्या खालच्याला सोसायला लावायचे, ही शिडी आपल्याला चांगली ओळखीची आहे. मी तिची एक पायरी झालो. त्या पोराच्या वाडीवर मी पुढे अनेकदा गेलो. त्याने मला कधी बोल लावला नाही. त्याची आई एवढेच म्हणाली, “मिस्तरी, तुमचा बी बोट गेला ना.” तिने मला आपल्यातला मानले. मला ते दोषारोपापेक्षा जड गेले.

म्हणून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी जपून वापरतो. अपघात झाला की तो शब्द नेहमी खालच्या माणसाच्या नावावर लिहिला जातो. नगावर मजुरी ठरवणारा, चकती वाचवणारा, एका चष्म्यात दोन माणसे भागवणारा यांच्या नावावर तो लिहिला जात नाही. परंतु त्याच वेळी, आपला हात आपण वाचवायचा नाही असेही त्याचा अर्थ होत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत बोटे थांबत नाहीत.

६

१९८४ साली भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखान्यांच्या कायद्यात कलम १११-अ आले. आपल्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मिळवणे हा कामगाराचा हक्क आहे, असे त्यात म्हटले होते. १८८१ पासून १०६ वर्षे कायद्याने यंत्राला कुंपण घातले, आणि मग कामगाराला माहितीचा हक्क दिला. हा हक्क तरी दहा माणसांच्या आतल्या शेडला कोठे होता? म्हणून ती माहिती आपणच एकमेकांना द्यायची. मी जी देतो ती येथे लिहितो. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बोटाने लिहिलेला आहे.

यंत्रावरचे फेरे आणि चकतीवरचे फेरे वाचा. चकतीवरचा आकडा यंत्राच्या आकड्याहून कमी असेल तर ती चकती त्या यंत्राची नव्हे. मोठ्या यंत्राची झिजलेली चकती छोट्याला लावू नका. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नका. ते अडकले की यंत्र हातातून उसळून अंगावर येते. पडलेली, भिजलेली, कडेला तडा गेलेली चकती मोडून टाका, म्हणजे ती दुसरा कोणी लावणार नाही. कापायच्या चकतीच्या बाजूने घासू नका. गार्ड आपल्या अंगाच्या बाजूला फिरवून घट्ट करा. दोन्ही हात दोन्ही मुठींवर ठेवा. चकती ज्या रेषेत फिरते त्या रेषेत उभे राहू नका. नवी चकती लावली की कामाला टेकवण्याआधी मोकळी फिरवून पाहा. ठिणग्या कोठे जातात आणि तेथे काय पडले आहे, ते आधी पाहा. कापणारा भाग असा आधारावर ठेवा की फट मिटण्याऐवजी उघडेल. चकती बदलताना प्लग काढा. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढा. बटण बंद केल्यावरही चकती फिरत असते, ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नका.

ड्रिलवर काम करताना सैल हातमोजे घालू नका. मोज्याचा धागा सापडला तर हात ओढला जातो. गळ्यातली माळ, मनगटातला दोरा, लोंबती बाही यांचेही तेच. छोटा तुकडा हाताने धरून भोक पाडू नका, शिकंजात धरा. अर्थिंगची तिसरी तार कापून दोन पिनांवर यंत्र चालवू नका. वेल्डिंगचा काळा चष्मा आणि घासण्याचा पांढरा चष्मा वेगळे आहेत. दोन माणसे असतील तर चष्मेही दोन लागतात.

आणि बोट तुटलेच तर? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका, त्याने पेशी मरतात. मोठ्या इस्पितळात तो जोडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. माझे पेर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कोणीतरी शेडमागे टाकले होते.

७

आता त्या आकड्याचे काय झाले ते सांगून संपवतो. १०० चे ५०, ५० चे २०, २० चे १०. मग तो मागे फिरला. २०१५ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून १० चे पुन्हा २० केले. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या २० माणसांपासून सुरू होते. दहा माणसांच्या आस्थापनेलाही काही कर्तव्ये सांगितली आहेत, हे नमूद केले पाहिजे. परंतु कारखान्याचा आकडा १९२२ साली जेथे होता तेथे परत आला आहे. आणि ग्राइंडर तर पुढे गेला. आता त्याला तारही लागत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ ला पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या भोवती इमारती वाढत आहेत, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फरश्या कापणे चालू आहे. ही कामे दोन-तीन पोरे करतात. त्यांतली काही मराठवाड्यातून आलेली, काही बिहारमधून, काही आपल्याच वस्तीतली. आज्याला जे हत्यार धरू दिले नाही त्याहून हजारपट ताकदीचे हत्यार या पोरांच्या हाती आहे. शेजारी बसून टपली मारणारा बाप मात्र नाही.

रविवारी सकाळी मी आमच्या वस्तीत अशा पोरांना घेऊन बसतो. तो रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे, हे पहिल्याच दिवशी सांगतो. मग ग्राइंडर मध्ये ठेवतो, प्लग काढतो, आणि गार्ड ज्याच्या त्याच्या हातात देऊन काढायला आणि बसवायला लावतो. मग प्रत्येकाला एक वही देतो. कोणी गार्ड काढायला सांगितले, कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी, हे त्या वहीत आपल्या हाताने लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याला आधी लिहायला शिकवतो. दोन पोरे सध्या बाराखडीवर आहेत. पानाखाली नाव आणि सही लागते. माझ्या वर्गात अंगठा चालत नाही.